चेहऱ्याला मार लागला आणि डोळ्याला दिसेना: ऑपरेशनचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर रात्री खडीवरून स्कूटर घसरलेला एक मुलगा अपघातानंतर बाराव्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. वय बावीस. उजव्या भुवईवर चार टाके, हाताला प्लास्टर. आईने पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. टाक्यांची नोंद होती, हाताचा एक्स-रे होता, मेंदूचा सिटी स्कॅन नॉर्मल होता, धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा तारखेसकट लिहिलेलं होतं. उजव्या डोळ्यापुढे दोनच शब्द: "सूज आहे". सूज उतरून पापणी उघडली तेव्हा त्याला कळलं की त्या डोळ्याने काहीच दिसत नाही. "सूज उतरल्यावर दाखवा म्हणाले होते हो डॉक्टर," आई म्हणाली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस धडक बसली त्याच क्षणी गेली की तिसऱ्या दिवशी, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण पहिल्या दिवशी त्या डोळ्याची दृष्टी कुणी तपासलीच नव्हती.

डोळ्यांची डॉक्टर म्हणून मला अपघात विभागातून बोलावणी येतात. दोन चुका मी सतत पाहते. जिथे तासाभराचीही सवड नसते, तिथे सगळे सूज उतरायची वाट बघत बसतात. आणि जिथे आठवडाभर थांबलेलं बरं असतं, तिथे नातेवाईक त्याच रात्री "काय लागेल ते करा, पण ऑपरेशन करा" म्हणतात. म्हणून क्रमवार लिहिते आहे. डोळ्याच्या डॉक्टरांची जागा हा लेख घेणार नाही. त्यांच्याकडे काय मागायचं आणि किती वाजेपर्यंत मागायचं, एवढं तुमच्या हातात यावं यासाठी तो आहे.

आधीची तयारी

घरात दुचाकी चालवणारं माणूस असेल तर ही पाच मिनिटांची तयारी आजच करा. प्रत्येकाने एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचून बघा. एका डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं, हे कित्येकांना स्वतःलाच ठाऊक नसतं. अपघातानंतर मग "हे जुनं की नवं" यावर वेळ जातो. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही लिहून ठेवा. जुन्या छेदाची जागा माराने पुन्हा उघडू शकते. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते. हा कागद आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या.

टप्पा १: रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

आधी जीव, मग डोळा. श्वास, शुद्ध, मान आणि मोठा रक्तस्राव पाहा आणि १०८ला फोन लावा. बायपासवर नवले पुलाजवळ किंवा बोगद्याच्या तोंडाशी अपघात झाला असेल तर माणसाला आधी वाहतुकीतून बाजूला घ्या, पण मान वळवू नका. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ अशा माणसाला संरक्षण देतं आणि त्याखालच्या नियमांनुसार नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

आता डोळा. भुवईतून रक्त येत असेल तर दाब भुवईच्या हाडावर द्या. डोळ्याच्या गोळ्यावर रुमाल दाबून धरणं ही सर्वांत घातक चूक आहे. गोळा फुटलेला असेल तर तेवढ्या दाबाने आतला भाग बाहेर येतो. काच, काडी, तार काहीही रुतलेलं असलं तरी ते काढू नका.

झाकण्यासाठी टपरीवरचा कागदी कप चांगला. तळापासून दोन बोटं उंचीवर कापा. कापलेली कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा पालथा ठेवून चिकटपट्टीने धरा. कप डोळ्याला कुठेही लागता कामा नये. खाली कापूस किंवा गॉज भरायचा नाही.

सावधान: शिंकरू नका. डोळ्याच्या खोबणीचं हाड नाकाशेजारच्या पोकळीत मोडलेलं असेल तर शिंकरल्याबरोबर हवा खोबणीत घुसते आणि डोळा फुग्यासारखा टम्म होतो. रक्त आलंच तर नुसतं पुसा. पाणी, गुलाबपाणी, हळद, तूप, घरातले जुने ड्रॉप यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. याला अपवाद एकच: चुना, अ‍ॅसिड, बॅटरीचं पाणी किंवा फरशी धुण्याचं रसायन डोळ्यात गेलं असेल तर भरपूर साध्या पाण्याने लगेच आणि बराच वेळ धुवा.

खायला-प्यायला काही देऊ नका, चहाचा घोटसुद्धा नाही. पुढच्या काही तासांत भूल द्यावी लागू शकते. शेवटचं कधी खाल्लं ती वेळ मात्र लिहा.

टप्पा २: पापणी मिटायच्या आत दृष्टीची पहिली नोंद

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो, आणि पुढचे सगळे निर्णय याच्यावर उभे असतात. मार लागल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास पापणी बहुधा थोडी तरी उघडते. नंतर सूज तिला बंद करते. तेवढ्यात, माणूस शुद्धीत असेल तर, हे करा.

चांगला डोळा तळहाताने नीट झाका. बोटांच्या फटीतून माणसं नकळत बघतात. मार लागलेल्या डोळ्यासमोर औषधाच्या पाकिटावरची अक्षरं धरा. चष्मा असेल तर लावूनच. वाचता आली नाहीत तर हातभर अंतरावरून बोटं मोजायला सांगा. तेही नाही, तर समोर हात हलवा आणि हलतोय का विचारा. तेही नाही, तर फोनचा टॉर्च लावा-बंद करा आणि "आता आहे की नाही?" असं चार-पाच वेळा विचारा. यातली जी पायरी जमली ती आणि वेळ लिहा: "रात्री ९:४०, उजवा डोळा, दोन फुटांवरून बोटं मोजली." डाव्याचीही तशीच नोंद करा.

मग एक सोपी चाचणी. पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याला आलटून पालटून दाखवा. मार लागलेल्या डोळ्याला लाल रंग फिका, विटकरी किंवा करडा दिसत असेल तर नस दुखावल्याची शंका घ्यायची, अक्षरं वाचता आली असली तरीही.

पापणी आधीच मिटली असेल तर ती जोर लावून उघडायला जाऊ नका. मिटलेल्या पापणीवर टॉर्च धरा. निरोगी डोळ्याला बंद पापणीतूनही उजेड कळतो. दुसरा डोळा पूर्ण झाकून हे केलं तर उत्तर उपयोगी असतं.

पडताळणी: निघण्यापूर्वी तुमच्याजवळ तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: अपघाताची वेळ, दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेळेसकट, शेवटच्या खाण्याची वेळ.

टप्पा ३: कुठे न्यायचं

सगळ्यात जवळचं किंवा ओळखीचं रुग्णालय दर वेळी योग्य ठरेलच असं नाही. रात्री अकरा वाजता तुम्हाला एकाच छताखाली सिटी स्कॅन, भूलतज्ज्ञासह ऑपरेशन थिएटर आणि हाकेला येणारा डोळ्यांचा डॉक्टर हवा असतो. रस्त्यातूनच फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: "डोळ्यांचे सर्जन आत्ता येऊ शकतात का?" आणि "सिटी आत्ता होईल का?" "सकाळी राउंडला येतील" असं उत्तर आलं आणि माणसाला दिसत नसेल, तर पुढचं रुग्णालय शोधा.

शुद्ध हरपली होती, उलट्या होताहेत, नाकातून-कानातून पाण्यासारखं काही येतंय, असं असेल तर आधी मेंदूचे सर्जन असलेलं मोठं रुग्णालय. सरकारी पर्यायांत पुण्यात ससून आणि पिंपरीत वायसीएम आहे. शिवाजीनगरचं एनआयओ किंवा मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई यांसारखी नेत्ररुग्णालयं डोळ्याच्या कामात मोठी आहेत. पण डोक्याला मार नाही याची खात्री झाल्यावर आणि तिथे त्या वेळी कोण आहे हे फोनवर विचारून मगच तिकडे वळा. एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

अपघाताची केस म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे कळवण्याची नोंद, होणारच. "आधी पोलीस, मग उपचार" असं कुणी म्हणालं तर ठामपणे सांगा की सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच, परमानंद कटारा खटल्यात, आधी उपचार आणि मग कागद असं स्पष्ट केलेलं आहे.

टप्पा ४: कॅज्युअल्टीत चार नोंदी मागून घ्या

टाके, एक्स-रे, सलाईन या गडबडीत डोळा मागे पडतो. रागावू नका, पण विचारत राहा. केसपेपरवर या चार गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

पहिली, दोन्ही डोळ्यांची दृष्टी. तुमचा कागद सिस्टरच्या हातात द्या आणि केसपेपरला जोडायला सांगा.

दुसरी, बाहुल्यांची तपासणी. डॉक्टर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवतात. उजेड पडला की निरोगी डोळ्याची बाहुली आकसते. नस दुखावलेली असेल तर टॉर्च चांगल्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर येताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. बेशुद्ध माणसातही ही खूण दिसते, म्हणून ती मला सोन्यासारखी वाटते. आणखी एक लक्षात ठेवा: नस नुकतीच दुखावली असेल तर आतून डोळा तपासल्यावर ती बहुधा अगदी नॉर्मल दिसते, पांढुरकी पडायला चार-सहा आठवडे लागतात. "आतून सगळं ठीक आहे" एवढ्यावर समाधान मानून घरी जाऊ नका. बाहुली पाहिली का, ते विचारा.

तिसरी, डोळ्याचा ताण. गोळा फुटलेला नाही ही खात्री झाल्यावर डॉक्टर डोळ्याचा दाब मोजतात.

चौथी, डोळा वर-खाली-बाजूला फिरतो का, आणि एकाचे दोन दिसतात का.

सावधान: पापणी उघडण्याचं काम डोळ्यांच्या डॉक्टरांचंच. बोटं भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून पापणी अलगद वर घेतात. गोळ्यावर भार येऊ देत नाहीत. बाहुली थेंबासारखी एका बाजूला ओढलेली, पांढऱ्या भागातून तपकिरी काही डोकावतंय, किंवा डोळा पिचकल्यासारखा दिसतोय, असं असेल तर तपासणी तिथेच थांबते आणि डोळा पुन्हा कपाखाली जातो.

टप्पा ५: सिटी स्कॅन, योग्य भागाचा

"सिटी नॉर्मल आहे" हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारा: कशाचा सिटी? मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये खोबणीचा तळ आणि नस जिथून जाते तो हाडाचा बारीक बोगदा नीट दिसतोच असं नाही. चेहऱ्याची हाडं आणि दोन्ही खोबणी, साधारण एक मिलिमीटरचे बारीक काप, तिन्ही दिशांनी, अशी मागणी चिठ्ठीवर लिहून घ्या. मेंदूच्या स्कॅनबरोबर एकाच खेपेत हे होतं. पेशंटला पुन्हा हलवावं लागत नाही. फिल्मबरोबर सीडी किंवा लिंकही घ्या, दुसरं मत घेताना तीच उपयोगी पडते.

एमआरआयची घाई करू नका. वेल्डिंग, ग्राइंडर, छिन्नी-हातोडा यांचं काम करताना मार लागला असेल आणि डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर एमआरआयचा चुंबक तो कण आतल्या आत सरकवतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगारांच्या बाबतीत हे मी दर वेळी स्वतः विचारते.

आणि एका प्रसंगात सिटीसाठीही थांबायचं नसतं. तो पुढे लगेच येतो.

टप्पा ६: ऑपरेशनचा निर्णय, चार घड्याळांनी

"ऑपरेशन करायचं का?" हा एक प्रश्न नाही. चेहऱ्याच्या एकाच मारात चार वेगवेगळे प्रश्न असू शकतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. आपल्या पेशंटचं घड्याळ कोणतं, हे आधी डॉक्टरांना विचारा. पैसे, सही, दुसरं मत हे सगळं त्यानंतर.

पहिलं घड्याळ, मिनिटांचं: डोळ्यामागे रक्त साठलंय

खोबण म्हणजे हाडाची वाटी. मागे रक्त साठलं की डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या त्याला अडवतात आणि आतला ताण वाढून पडद्याचा (डोळ्याच्या आतल्या रेटिनाचा) आणि नसेचा रक्तपुरवठा तुटतो. डोळा पुढे आलेला, दगडासारखा घट्ट, खूप दुखतोय, फिरत नाही आणि दृष्टी मिनिटामिनिटाला कमी होतेय: ही चिन्हं एकत्र दिसली की पडद्याकडे सुमारे दीड ते दोन तास असतात, तेही मार लागल्यापासूनचे नव्हे तर रक्तपुरवठा तुटल्यापासूनचे, आणि तो क्षण कुणालाच नेमका माहीत नसतो.

इथला उपाय लहान आहे. जागा बधिर करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देतात आणि खालच्या पापणीला हाडाशी बांधणारा पट्टा कापतात. वाटीचं तोंड सैल होतं आणि ताण उतरतो. कॅज्युअल्टीतल्या खाटेवर, काही मिनिटांत, मोठ्या भुलीशिवाय हे होतं. सोबत ताण उतरवणारी औषधं देतात. सिटी नंतर करता येतो. छेदाची जागा पुढे टाक्यांनी किंवा आपोआपही चांगली भरून येते.

नातेवाईक इथे अडखळतात ते "चेहऱ्यावर कापायचं?" या शब्दांपाशी. मुलीचं लग्न व्हायचंय, म्हणून वडिलांनी अर्धा तास सही अडवलेली मी पाहिली आहे. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण तो व्रण पापणीच्या सुरकुतीत मिसळून जातो, गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. या घड्याळात दुसऱ्या मताला जागा नाही.

दुसरं घड्याळ, एका दिवसाचं: फुटलेला गोळा, आणि लहान मुलांतला अडकलेला स्नायू

गोळा फुटला असेल तर तो शिवायचा, शक्यतो २४ तासांच्या आत. उशीर झाला तर जंतुसंसर्गाची भीती वाढते. चेहऱ्याची हाडं मोडलेली असली तरी आधी डोळा शिवतात, मग हाडं. कारण हाड बसवताना खोबणीत दाब येतोच. उजेडही कळत नसेल तर "मग काढूनच टाका ना डोळा" असं घाईत म्हणू नका. पहिल्या रात्री बहुतेक वेळा शिवणंच योग्य असतं. फुटलेल्या डोळ्यामुळे क्वचित दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही शरीराची प्रतिकारशक्ती इजा करते. दृष्टी परतण्याची आशा उरली नसेल तर डोळा ठेवायचा की काढायचा, हे पुढच्या साधारण दोन आठवड्यांत डॉक्टरांशी नीट बसून ठरवा.

लहान मुलांत वेगळाच फसवा प्रकार असतो. सोसायटीच्या आवारात टेनिस बॉल किंवा कुणाचं कोपर लागतं. डोळा पांढरा, सूज जवळजवळ नाही, रक्त नाही. पण मूल उलट्या करतं, मलूल होतं, वर बघायला सांगितलं की रडतं आणि नाडी मंद लागते. हे डोक्याच्या माराचं समजून निरीक्षणाखाली ठेवलं जातं. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं वाकून तडकतं आणि झाकणासारखं परत मिटतं. त्या फटीत डोळा फिरवणारा स्नायू चिमटतो. २४ ते ४८ तासांत तो सोडवावा लागतो, नाहीतर स्नायू कायमचा आखडतो. मुलाला मार लागला तर "वर बघ, बाळा" हे शब्द विसरू नका.

तिसरं घड्याळ, अवघड: नस दुखावली आहे

सगळ्यात जास्त प्रश्न, सगळ्यात जास्त रडणं आणि सगळ्यात जास्त चुकीच्या आशा इथे असतात, म्हणून जरा सविस्तर.

भुवईच्या बाहेरच्या बाजूला किंवा कपाळाला आपटलं की धक्का हाडातून थेट नसेच्या बोगद्यापर्यंत जातो. बाहेर दोन टाक्यांची जखम, आत नस सुजलेली किंवा तिचा रक्तपुरवठा तुटलेला. वरच्या मुलाचं हेच झालं होतं.

बोगदा मोकळा केला की नस सुटेल, हे ऐकायला पटतं. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दृष्टी तक्त्यावर किमान तीन ओळींनी सुधारल्याचं प्रमाण असं निघालं: ऑपरेशन केलेल्यांत ३२ टक्के, स्टेरॉइड दिलेल्यांत ५२ टक्के, काहीच न केलेल्यांत ५७ टक्के. हे आकडे जपून वाचायचे. पेशंट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते आणि काहीच न केलेल्या गटात फक्त नऊ जण होते. "काही न करणं श्रेष्ठ" असा अर्थ त्यातून निघत नाही. "प्रत्येकाचं ऑपरेशन करा" किंवा "प्रत्येकाला स्टेरॉइड द्या" यालाही आधार मिळत नाही. काहींची दृष्टी आपोआप सुधारते, एवढं मात्र खरं.

सावधान: डोक्यालाही मार असेल तर मोठ्या डोसचं स्टेरॉइड मागू नका. क्रॅश या २००४ सालच्या चाचणीत डोक्याला मार लागलेले १०,००८ प्रौढ होते. दोन आठवड्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण स्टेरॉइड दिलेल्यांत २१.१ टक्के आणि न दिलेल्यांत १७.९ टक्के निघालं. "निदान इंजेक्शन तरी द्या" या विनंतीमागचं प्रेम मला कळतं, पण ते इंजेक्शन निरुपद्रवी नाही.

मग नसेचा बोगदा मोकळा करण्याचा विचार कधी? सिटीत हाडाचा तुकडा नसेवर टेकलेला स्पष्ट दिसत असेल तेव्हा. किंवा मार लागल्यावर दिसत होतं आणि नंतर तासातासाने कमी होत गेलं असेल तेव्हा. टप्पा २मधला तुमचा कागद इथे कामाला येतो. तिथेही पेशंट शुद्धीत हवा आणि हे काम करणारी टीम सरावाची हवी. ऑपरेशन बहुधा नाकातून दुर्बिणीने होतं. शेजारीच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि मेंदूचं आवरण असतं. रक्तस्राव, मेंदूतलं पाणी नाकातून गळणं, उरलीसुरली दृष्टी जाणं हे धोके खरे आहेत. धडकेच्या क्षणापासून उजेडही कळत नसेल आणि सिटीत नसेवर काही टेकलेलं नसेल तर मी बहुतेक वेळा थांबायला सांगते. थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे: पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी दृष्टी आणि बाहुली तपासून लिहायची, आणि घसरण दिसली की निर्णय पुन्हा मांडायचा.

चौथं घड्याळ, दोन आठवड्यांचं: मोडलेलं हाड

"प्लेट बसवली की दिसायला लागेल ना?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. नाही. खोबणीचं किंवा गालाचं हाड बसवल्याने नसेमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. हे ऑपरेशन एकाचे दोन दिसणं आणि डोळा आत खचणं यासाठी असतं. समोर आणि खाली बघताना दोन-दोन दिसणं टिकून राहिलं, डोळा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला, किंवा खोबणीचा अर्ध्याहून जास्त तळ कोसळला असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात. आठवडाभर सूज उतरू दिली तर सर्जनला नीट दिसतं आणि काही जणांचं दुहेरी दिसणं तेवढ्यात आपोआप जातं. त्याच डोळ्याची नस दुखावलेली असेल किंवा पेशंटला तोच एक डोळा चांगला असेल, तर घाई आणखी कमी करा. खोबणीत काम करताना नसेला धक्का लागण्याचा धोका थोडा का होईना असतोच.

पडदा सुटणं किंवा डोळ्यात आत रक्त होणं यांसाठी वेगळी ऑपरेशनं आहेत आणि ती पडद्याचे डॉक्टर ठरवतात.

टप्पा ७: सही करण्यापूर्वी

फॉर्मवर सही मागितली की नातेवाइकांची दातखीळ बसते. म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहा. हे ऑपरेशन दृष्टी परत आणण्यासाठी, आहे ती वाचवण्यासाठी, की डोळ्याची ठेवण आणि दुहेरी दिसणं सुधारण्यासाठी? आज न करता उद्या केलं तर काय बिघडेल? हे ऑपरेशन तुम्ही स्वतः नेहमी करता का? ऑपरेशनपूर्वीची दृष्टी फॉर्मवर लिहिली आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर सही थांबवा आणि आधी ती लिहून घ्या.

तिसऱ्या आणि चौथ्या घड्याळात दुसरं मत जरूर घ्या. सीडी आणि केसपेपरचे फोटो पाठवून काही तासांत ते मिळू शकतं.

पैशांसाठी निर्णय अडवू नका, पण चौकशी त्याच रात्री सुरू करा, आणि ती जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारा आणि रेशनकार्ड, आधार घरून मागवा. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची मे २०२५पासूनची कॅशलेस योजना आहे: ठरावीक रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. समाजसेवा विभागात जाऊन लेखी अर्ज द्या.

टप्पा ८: ऑपरेशननंतर, आणि घरी

खोबणीचं ऑपरेशन झाल्यावर पहिले २४ तास सिस्टर ठरावीक वेळाने उजेड दिसतो का ते विचारतात. पेशंट झोपलाय म्हणून त्यांना परतवू नका. अचानक असह्य दुखणं, डोळा पुढे येणं, दृष्टी कमी होणं यांतलं काहीही झालं की पहिलं घड्याळ पुन्हा सुरू झालं असं समजा आणि लगेच हाक मारा.

घरी आल्यावर उशा लावून डोकं उंच ठेवा. डॉक्टर सांगतील तितके आठवडे शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या. बुबुळापुढे रक्त साठलेलं असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बरं वाटलं तरी धावपळ नको आणि दुखण्यावरची गोळी विचारूनच घ्या.

आठवड्याच्या तपासणीला चुकवू नका, कारण पडद्याला पडलेली चीर पुढे कधीही सुटू शकते. विजा चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके वाढणं, कोपऱ्यातून पडदा सरकल्यासारखं वाटणं: त्याच दिवशी या. महिन्या-दीड महिन्याने डोळ्याच्या कोनाची, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं त्या जागेची, तपासणी मागून घ्या. तो कोन माराने फाटला असेल तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवतो, म्हणून दर वर्षी दाब मोजणं आयुष्यभर चालू ठेवायचं.

एकाच डोळ्यावर जगायची वेळ आली तर पहिले काही महिने अंतराचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवायची, जिना उतरताना कठडा धरायचा. गाडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही. उरलेल्या डोळ्यासाठी पॉलीकार्बोनेट काचांचा चष्मा, नंबर नसला तरी, आणि चेहरा झाकणारं हेल्मेट. सिंहगड रस्त्याच्या त्या मुलाचा डाव्या डोळ्याचा दाब मोजायची तारीख त्याच्या आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. गेल्या वेळी तिने मला फोटो काढून पाठवला.